पंप बदलण्याआधी: गाडीचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप आणि कोकणातला पावसाळा

मृग लागला की कोकणपट्टीतल्या गॅरेजांत एक निदान फार लवकर होतं: "पंप गेला." सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं पण पेटत नाही, पंप गेला. आंबा घाट चढताना पिकअप मिळत नाही, पंप गेला. गाडी चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी सुरू होते, तेव्हाही पंपच. मग नवा पंप बसतो, गाडी धावते आणि गणपतीच्या सुमारास तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभी राहते. जुना पंप खराब होता हे कित्येकदा खरंही असतं. पण हा पंप आपल्या मरणाने क्वचित मरतो. टाकीतलं पाणी, गंजाचा चुरा, कोरडी टाकी आणि खराब अर्थ (बॅटरीकडे परत जाणारी विजेची 'अर्थिंग'ची जोडणी) हे त्याचे मारेकरी. नुसता पंप बदलला तर हे चौघे जागच्या जागी राहतात आणि नव्या पंपाच्या मागे लागतात.

म्हणून आधी हा पंप करतो काय ते पाहू, मग त्याची तपासणी.

ओढणारा पंप, ढकलणारा पंप

कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलला पंप नव्हताच. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, मध्ये पेट्रोल कॉक. पेट्रोल आपल्या वजनाने उतरायचं. चारचाकीत टाकी मागे आणि खाली, म्हणून पद्मिनी-ॲम्बॅसडरच्या काळात इंजिनाला लावलेला, कॅमच्या धक्क्याने हलणारा डायफ्रामचा पंप असायचा. तो पेट्रोल टाकीतून ओढून आणायचा, आणि ओढण्यातच त्याची गोची होती. ओढताना नळीतला दाब उतरतो, दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, त्यात पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. नळीत वाफ धरली की पंप नुसती वाफच दाबत-सोडत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. मे महिन्यात घाटात बंद पडलेल्या गाडीच्या पंपावर ओलं फडकं टाकून थांबणारे ड्रायव्हर जुन्या लोकांनी पाहिलेले असतील. ते फडकं म्हणजे वेपर लॉकवरचा खरा उपाय होता.

इलेक्ट्रिक पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडून बसतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही, त्यामुळे वेपर लॉकचा त्रास जवळजवळ संपला. पंप म्हणजे १२ व्होल्टची छोटी मोटर आणि तिच्या टोकाला बारीक पात्यांचं चाक. पेट्रोल मोटरच्या आतून, आर्मेचर आणि ब्रशना चाटून वर जातं. तेच तिला थंड ठेवतं आणि तेच तिचं वंगण. ठिणग्या उडणारी मोटर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेली, मग टाकी पेटत कशी नाही, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पेटायला हवा लागते. मोटरच्या आत द्रव पेट्रोल भरलेलं असतं, हवा नसते. आणि टाकीतल्या मोकळ्या जागेत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की ते मिश्रण पेट घेण्याच्या पलीकडे गेलेलं असतं.

आपल्याकडे साधारण २००० सालापासून पेट्रोल गाड्या कार्ब्युरेटर सोडून इंजेक्शनवर (दाबाखाली पेट्रोल फवारण्यावर) गेल्या आणि हा पंप चारचाकीत सर्रास आला. दुचाकीत तो घरोघर पोहोचला १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाल्यावर. त्याबरोबर पेट्रोल कॉक गेला आणि त्यावरचं 'रिझर्व्ह'ही गेलं. सवय मात्र गेली नाही. गाडी आचके देऊ लागली की कॉक फिरवायचा आणि पुढचा पेट्रोल पंप गाठायचा, ही वर्षानुवर्षांची रीत. आता आचके बसतात याचा अर्थ पंप हवा ओढतोय, आणि फिरवायला हाताशी काही नाही.

दाब कशासाठी लागतो

इंजेक्टर हा एक विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. किती पेट्रोल गेलं हे तो मोजत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, त्याला काही मिलिसेकंद उघडं ठेवतो आणि दाब ठरलेला आहे असं धरून हिशेब करतो. साध्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाडीत हा दाब बहुधा ३ ते ४ बार असतो. दुचाकींत ३ बारच्या आसपास. गॅरेजमधला गेज पीएसआयमध्ये असेल तर ३.५ बार म्हणजे सुमारे ५० पीएसआय.

दाब कमी झाला तर पेट्रोल त्याच प्रमाणात कमी होत नाही, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतं. ३.५ बारचा दाब २.८ वर आला, म्हणजे पाचवा हिस्सा घटला, तर इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल साधारण ११ टक्क्यांनी कमी होतं. एवढी तूट ईसीयू इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवून भरून काढतो. चालवणाऱ्याला काही कळत नाही.

पंपाची ताकदही गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवलेली असते. लहान मोटारीचा पंप तासाला ६० ते १०० लिटर पेट्रोल फेकू शकतो. आयडलिंगला इंजिन तासाला लिटरभरही पीत नाही, सपाटीवर साठच्या वेगाने तीन-चार लिटर, आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर लहान इंजिन वीसच्या आसपास. म्हणजे पंपाची निम्मी ताकद गेली तरी बाजारहाट, शाळा, देवदर्शन सगळं सुरळीत चालतं. कमतरता दिसते ती गाडी भरून कुंभार्ली किंवा आंबोली चढताना. "काल तर ठीक होती" असं ज्या पंपाबद्दल म्हटलं जातं, तो बरेचदा वर्षभर आधीपासून थकलेला असतो. गॅरेजच्या अंगणात आयडलिंगवर ऐकून 'पंप ठीक आहे' म्हणणंही म्हणूनच पोकळ ठरतं.

जीडीआय (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनांत दोन पंप असतात. टाकीतला हाच, आणि त्याने दिलेलं पेट्रोल पुढे शेकडो बारपर्यंत चढवणारा, कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा. अशा बऱ्याच गाड्यांत टाकीतल्या पंपाचा वेग एक वेगळं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल कमीजास्त करतं. तिथे खाली सांगितलेली रिले (पंपाला वीज देणारा, विजेवरच चालणारा स्विच) जोडून पाहण्याची युक्ती वापरू नये.

मॉड्यूलमध्ये काय काय असतं

मागची सीट उचलली की बहुतेक गाड्यांत एक गोल झाकण दिसतं. त्याखाली टाकीत उतरवलेली जी प्लॅस्टिकची बुधली, तिला पंप असेंब्ली किंवा मॉड्यूल म्हणतात. तळाशी कापडासारखी जाळी, वर पंप, त्याच्यावर किंवा भोवती बारीक फिल्टर, बाजूला दाब राखणारा रेग्युलेटर आणि पेट्रोलचा काटा दाखवणारा फ्लोट. पंपाच्या तोंडाशी एक चेक व्हॉल्व्ह असतो. गाडी बंद केल्यावर लाइनमधला दाब तो धरून ठेवतो, म्हणून सकाळी इंजिन पहिल्या झटक्यात पेटतं.

बुधलीचंही काम आहे. चढावर किंवा वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला पळतं, तेव्हा बुधलीतलं पेट्रोल पंपाला बुडवून ठेवतं. त्यामुळे 'पाव टाकीच्या खाली गेलात की पंप जळतो' हे चारचाकीबाबत अतिशयोक्तीचं आहे. दिवा लागल्यावर वीस किलोमीटर गेल्याने पंप मरत नाही. पण बुधलीही रिकामी होते, आणि घाटात ती लवकर होते. कोरडा फिरणारा पंप काही मिनिटांत इतका तापतो की ब्रश आणि बुश झिजतात; तेव्हाच बंद पडला नाही तरी त्याचं आयुष्य कमी झालेलं असतं. मोटरसायकलमध्ये बुधली नसते किंवा नावालाच असते, तेव्हा तिथे हा नियम कडक पाळावा.

चावी फिरवल्यावरचे दोन सेकंद

निदानाचा अर्धा भाग इथेच आहे. चावी ऑन केली की ईसीयू पंपाचा रिले साधारण दोन सेकंद लावतो. मागच्या सीटखालून बारीक 'झूं' आवाज येतो आणि थांबतो. थांबला म्हणून बिघाड समजू नये. इंजिन फिरत नसेल तर पंप बंद ठेवायचा, म्हणजे अपघातात नळी फुटली तरी पेट्रोल सांडत राहत नाही. पुढे सेल्फ मारल्यावर क्रँक सेन्सरकडून इंजिन फिरतंय असा संकेत आला की पंप पुन्हा सुरू होतो. म्हणून क्रँक सेन्सर गेलेल्या गाडीत आधीचे दोन सेकंद पंप वाजतो, सेल्फ मारताना वाजत नाही, आणि दोष पंपाला जातो. काही गाड्या चावीच्या आधी, ड्रायव्हरचं दार उघडल्यावरच पंप फिरवून घेतात. इमोबिलायझरने (चोरी टाळणाऱ्या यंत्रणेने) चावी ओळखली नाही तर काही गाड्यांत पंप मुळीच फिरत नाही.

दुचाकीत आणखी दोन गोष्टी. किल स्विच बंद असेल, किंवा पावसाचं पाणी जाऊन त्याचे पॉइंट हिरवे पडले असतील, तर पंपाचा आवाज येत नाही. आणि गाडी चिखलात आडवी झाली की कलण्याचा सेन्सर पंप तोडतो. सरळ उभी करून नुसता सेल्फ मारत बसलं तर बॅटरी उतरते. चावी बंद करायची, दहा सेकंद थांबायचं, पुन्हा ऑन करायची. सेन्सरची आठवण पुसली गेली की गाडी सुरू होते.

पंपाला मारतं काय

पाणी पहिलं. समुद्रालगत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने सगळीकडे आलं आहे. इथेनॉल पाण्याला धरतं. थोडं पाणी असेल तोवर ते पेट्रोलमध्ये विरघळून जळूनही जातं. मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाला बसतात, म्हणजे बरोबर पंपाच्या जाळीपाशी. तापमान उतरलं की ही मर्यादाही उतरते, म्हणून संध्याकाळी चाललेली गाडी पहाटे अडते. तळाचा हा थर वीज वाहून नेतो आणि धातू खातो. शुद्ध पेट्रोल दोन्ही करत नाही. मोटरचा तांब्याचा कम्युटेटर (ज्यावर ब्रश घासतात तो भाग) आणि टर्मिनल त्यात काळी-हिरवी पडतात.

बंद टाकीत हवेतला दमटपणा शिरून एवढं पाणी जमायला फार वेळ लागतो. हवेपेक्षा झाकणाकडे आधी पाहावं. मोटरसायकलच्या टाकीच्या झाकणाभोवती खोलगट कडं असतं आणि त्यात पाणी निघून जायला एक बारीक भोक, त्याला खाली उतरणारी नळी. तांबड्या मातीने किंवा मुंग्यांच्या वारुळाने ती नळी बुजली की कड्यात तळं साठतं आणि कडक झालेल्या रबरातून थेंब थेंब टाकीत उतरतं. आगोटीची कामं करताना या भोकात पातळ तार घालून वर पेलाभर पाणी ओतून पाहावं; खाली जमिनीवर पडलं पाहिजे. रबर चिरलेलं असेल तर बदलावं.

भरतानाच पाणी आलं असा संशय असेल तर पेट्रोल पंपावर विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. त्यांच्या टाकीतल्या पाण्याची तपासणी डिप रॉडला पाणी दाखवणारी पेस्ट लावून करतात, घनता रोज नोंदवतात आणि फिल्टर पेपर मागितल्यावर द्यावा लागतो. मुसळधार पावसाच्या दिवशी टँकर रिता होत असताना पेट्रोल भरू नये. तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो. वाडीवरच्या दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल अडीनडीला ठीक, पण त्या बाटलीत आधी काय होतं ते कुणाला ठाऊक नसतं, आणि प्लॅस्टिकच्या बाटलीतून ओतताना स्थिर विजेची ठिणगी उडण्याचा धोका वेगळाच.

दुसरा मारेकरी गंज. चारचाकीची टाकी आता बहुधा प्लॅस्टिकची असते. मोटरसायकलची पत्र्याची. चाकरमान्यांची गाडी गावच्या पडवीत उभी असते, शिमग्याला चालते, मेमध्ये चालते, मग थेट गणपतीला. टाकी पाव भरलेली. वरच्या उघड्या पत्र्यावर दमट हवा काम करते आणि गंज चुरा होऊन खाली पडतो. जाळीने तो अडवला की जाळी बुजते. पंपाला पुरेसं पेट्रोल मिळत नाही आणि तो किंचाळल्यासारखा आवाज करतो. अशा गाडीची टाकी पावसाळ्याआधी काठोकाठ भरून ठेवावी. तीन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर घरातल्या कुणाला तरी आठवड्यातून अर्धा तास फिरवायला सांगावं. नुसतं उभ्या उभ्या चालू करून काही साधत नाही. टाकीत टॉर्च मारल्यावर तांबडा थर दिसला तर टाकी साफ करून घेतल्याशिवाय नवा पंप घालणं म्हणजे पैसे वाया.

कोरडी टाकी वर आलीच. तिची एक वेगळी जात सीएनजी गाड्यांत दिसते. गाडी गॅसवर चालते म्हणून पेट्रोल महिनोन् महिने भरत नाहीत. कंपनीकडून सीएनजी आलेल्या गाड्यांत गॅसवर जाताना पेट्रोल पंप बंद करण्याची सोय सहसा असते. बाहेरून बसवलेल्या कित्येक किटांत पंपाची तार कापून रिले घातलेला नसतो आणि पंप गॅसवरही फिरतच राहतो. टाकीत दोन लिटर पेट्रोल, तेच गोल गोल फिरून तापणार, एक दिवस संपणार आणि पंप कोरडा जळणार. किट बाहेरचं असेल तर गॅसवर इंजिन चालू ठेवून मागे कान लावा. पंपाचा आवाज येत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पंप तोडणारा रिले घालून घ्यावा. आणि टाकी कधीही पाव भागाच्या खाली ठेवू नये.

चौथा मारेकरी दिसत नाही: खराब अर्थ. खाऱ्या हवेत अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो, कपलरच्या (तारा जोडणाऱ्या प्लगच्या) पिना हिरव्या पडतात, रिलेचे पाय काळवंडतात. बॅटरीला १३.५ व्होल्ट आणि पंपापर्यंत पोहोचतात १०.५. मोटर मंद फिरते, दाब उतरतो, आणि घट्ट न बसलेली पिन तापून कपलर वितळतो. नवा पंप नव्या ब्रशमुळे थोडे दिवस रेटून नेतो, मग त्याचीही तीच गत. मांडवी ते मालवण, किनाऱ्यावरच्या कुठल्याही गाडीत पंपाची शंका आली की पहिला हात अर्थला घालावा, असं आमचं ठाम मत आहे.

उंदीर राहिले. भातकापणीनंतर ते बोनेटखाली आणि टाकीच्या वर घर करतात आणि वायरबरोबर प्लॅस्टिकच्या पेट्रोल नळ्याही कुरतडतात. पेट्रोलचा वास आला तर चावीला हात न लावता आधी गाडीखाली पाहा.

तपासणी, याच क्रमाने

काम उघड्यावर, वीटभट्टी, चूल, वेल्डिंग यांपासून लांब. जवळ ड्राय पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर. हातात पिवळा बल्ब किंवा साधा टेस्टर लॅम्प नको. तो फुटला तर ठिणगी पडते.

टाकीत पेट्रोल आहे का, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. फ्लोट अडकला की काटा खोटं सांगतो. पाच लिटर ओतून पाहणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी.

मग आवाज. एकाने चावी ऑन करायची, दुसऱ्याने टाकीच्या तोंडाशी कान द्यायचा. आवाज आला तर वीज पोहोचतेय. आला नाही तर फ्यूज पाहा, बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा. तो उडालेला असेल तर मोठा फ्यूज घालून पुढे जाऊ नका. तार किंवा पंप शॉर्ट आहे. फ्यूज ठीक असेल तर शेजारचा त्याच क्रमांकाचा रिले, बहुधा हॉर्नचा, अदलाबदल करून बघा. तरीही आवाज नाही तर रिले काढून सॉकेटमधले ३० आणि ८७ हे दोन खण फ्यूज लावलेल्या तारेने जोडा. पंप फिरला तर पंप आणि त्याची तार धड आहे, गडबड रिले, इमोबिलायझर किंवा ईसीयूच्या बाजूला. फिरला नाही तर मागची सीट उचला.

पंपाच्या कपलरवर मल्टिमीटर लावताना पंप चालू हवा. कपलर काढून रिकाम्या पिनांवर १२ व्होल्ट दिसणं फसवं असतं. एक तंतू शिल्लक असलेली तारही रिकामी असताना १२ व्होल्ट दाखवते. पंप चालू ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी पंपाच्या अर्थच्या तारेवर. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच बॅटरी पॉझिटिव्ह ते पंपाची पॉझिटिव्ह तार. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट चालत नाही. अर्थचा बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, घट्ट बसवायचा आणि वरून ग्रीस लावायचं. या एका कामाने कित्येक 'गेलेले' पंप जिवंत होतात.

त्यापुढे दाबाचा गेज. जोडण्याआधी लाइनमधला दाब उतरवावा लागतो: इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन आपोआप बंद पडेल, मग दोनदा सेल्फ मारून बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. नळी सोडताना भोवती फडकं धरायचं, कारण थोडं पेट्रोल उडतंच. गेज बसवून, फ्यूज आणि बॅटरी पुन्हा जोडून चावी ऑन केल्यावर काटा दोन सेकंदांत ठरलेल्या दाबावर गेला पाहिजे आणि इंजिनाला रेस दिल्यावर खाली यायला नको. इंजिन बंद करून दहा मिनिटं बघत राहा. काटा शून्याकडे घसरला तर चेक व्हॉल्व्ह गळतोय, किंवा एखादा इंजेक्टर. गेज नसेल तर याचीच घरगुती चाचणी: सकाळी लांब सेल्फ मारावा लागत असेल तर चावी तीनदा ऑन-ऑफ करून, दर वेळी दोन सेकंद थांबून, मग सेल्फ मारा. लगेच पेटली तर रात्रभरात दाब उतरत होता.

दाब बरोबर पण जोर नाही, तर पेट्रोल मोजा. लाइनची नळी धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच्या डब्यात सोडून १५ सेकंद पंप चालवा. मॅन्युअलमधला आकडा प्रमाण. तो हाताशी नसेल तर लहान गाडीला पाव लिटरच्या वर आलं पाहिजे. कमी आलं तर जाळी किंवा फिल्टर बुजलेला, आणि ते दोन्ही साफ असतील तरच पंप थकलेला. तेच पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धा तास ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून पुसावी लागेल. वेगळं झालेलं पेट्रोल बाजारातलं कुठलंही औषध ओतून पुन्हा जुळत नाही.

स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम (ईसीयू हिशेबापेक्षा किती टक्के कमीजास्त पेट्रोल देतोय तो आकडा) वाचा, फोनला जोडायचा स्वस्त ॲडॅप्टरही चालतो. ट्रिम अधिक १०-१५ टक्क्यांच्या वर जाऊन घाटात आणखी वाढत असेल तर पुरवठा कमी पडतोय. आयडलिंगला जास्त आणि २,५०० आरपीएमला जाग्यावर येत असेल तर कुठेतरी फुकटची हवा आत शिरतेय. पंपाला हात लावू नका. पी-०१७१ ('हवेच्या मानाने पेट्रोल कमी') हा कोड दोन्ही वेळा येतो, म्हणून नुसत्या कोडवरून पंप मागवणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात

कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनांत) दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो आणि हाय प्रेशर पंपाचं वंगण डिझेल स्वतःच असतं. पाणी गेलं की पंपापाठोपाठ इंजेक्टरही जातात, आणि तो खर्च पेट्रोलच्या पंपाच्या कित्येक पट. फिल्टरखालचा स्क्रू पावसाळ्यात महिन्यातून एकदा अर्धा फेरा सैल करून पाणी काढावं; १००-२०० मिलिलिटरमध्ये स्वच्छ डिझेल येऊ लागतं. फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंतही रेटू नये. टाकी कोरडी झाली तर फिल्टरवरचा हातपंप कडक लागेपर्यंत दाबायचा, मगच सेल्फ. काही गाड्यांत हातपंप नसतो. तिथे चावी चार-पाच वेळा ऑन करून टाकीतल्या पंपाला काम करू द्यायचं.

पुरात उभी राहिलेली गाडी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा शेकडो गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. अशा वेळी सेल्फ मारू नये हे आता बहुतेकांना माहीत आहे. इंजिनात पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पण लोक 'फक्त दिवे लागतात का बघू' म्हणून चावी ऑन करतात, आणि तेवढ्यात पंप दोन सेकंद फिरून टाकीतलं पाणी इंजेक्टरपर्यंत ढकलतो. चावी लावूच नये. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा.

दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी चढलं की मागच्या सीटखालची टाकी बुडालेली असते. ती बंद असली तरी हवा खेळवणाऱ्या नळीतून, कॅनिस्टरमधून (पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्यातून) किंवा मॉड्यूलच्या जुन्या गास्केटमधून पाणी शिरू शकतं. काही स्कूटरची टाकी पाय ठेवायच्या फळीखाली असते, त्यांनाही हेच लागू. मॉड्यूल काढून तळातलं पेट्रोल बाटलीत पाहायचं, पाणी असेल तर टाकी रिकामी करायची, बारीक फिल्टर बदलायचा, नळ्या हवेने फुंकून घ्यायच्या. वरचा कपलर चिखलाचा असेल तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून काँटॅक्ट क्लीनर मारायचा. खाडीचं पाणी भरतीबरोबर आत आलेलं असेल तर धुणं चुकवू नये. मीठ राहिलं तर पिना महिन्याभरात जातात.

नवा पंप बसवताना

टाकी पाव भागापेक्षा कमी असताना काम सोपं जातं. झाकण उघडण्याआधी वरची माती व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढावी, नाहीतर तांबडी धूळ सरळ टाकीत. लॉकिंग रिंग गंजलेली असेल तर छिन्नी-हातोडा नको, पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) घ्यावा. मॉड्यूल तिरपं करून काढायचं, फ्लोटची काडी वाकली तर काटा कायमचा चुकतो. रबरी गास्केट नवीनच घालायचं. जुनं पेट्रोलमध्ये फुगलेलं असतं आणि परत बसत नाही.

नुसती मोटर बदलत असाल तर जाळीही नवीन घ्या. टाकीच्या आतली रबरी नळी आतबाहेर दोन्हीकडून पेट्रोल सोसणारी हवी, एसएई जे३०आर१० छापाची. साधी पेट्रोल नळी टाकीत बुडवली की बाहेरून चिरते आणि पंप नवीन असूनही दाब चढत नाही. या चुकीपायी चांगले पंप परत केले जातात. इथेनॉल सोसणारा पंप आहे ना हेही विचारून घ्यावं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना तो मुळातच असतो, त्याआधीच्या गाड्यांना सुटा घेताना जुनाच साठा माथी मारला जातो.

बसवल्यावर दहा लिटर ताजं पेट्रोल भरा, चावी तीनदा ऑन करा आणि सीट लावण्याआधी रिंगभोवती कोरड्या बोटाने चाचपून पाहा. मग टाकी पूर्ण भरून आणखी एकदा, कारण गास्केटमधली गळती टाकी भरल्यावर आणि गाडी चढावर उभी असतानाच दिसते.